मोटरचा गंधार

"दोन पट्ट्यांच्या मधल्या जागंत शिरू नका, ताई. तिथं गेलेलं माणूस लवकर माघारी येत नाय."

हा इशारा सखाराम मास्तरांनी हिमानीला आषाढातच देऊन ठेवला होता. त्या वेळी ते जिन्याखाली स्टुलावर बसून कुठल्याशा भजनी मंडळाच्या पेटीचा भाता चिकटवत होते, आणि हिमानी एका हातात दुधाची पिशवी, कडेवर तीन वर्षांची राजनंदिनी आणि डोक्यात फारसी संगीत अशा अवस्थेत त्यांच्यासमोर उभी होती. तिनं विचारलं एवढंच होतं, की मास्तर, कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या बरोबर मधला सूर पेटीवर लावता येतो का? मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. पैठणपासून अजिंठ्यापर्यंतच्या देवळांच्या आणि शाळांच्या पेट्या त्यांनी पन्नास वर्षं सुरात आणल्या होत्या. म्हणजे पन्नास वर्षं त्यांनी असल्या मधल्या सुरांना हाकलायचंच काम केलं होतं. त्यांनी इशारा दिला, शर्टाच्या खिशातून लिमलेटची गोळी काढून राजनंदिनीच्या हातावर ठेवली आणि पुन्हा भात्यात डोकं घातलं.

हिमानी हसली आणि वर गेली. शिकलेली माणसं अशा वेळी हसतात. पुढं काय होतं ते वाचा.

खरं तर इशारे हसण्यावारी न्यावेत असा हिमानीचा स्वभाव नव्हे. गॅस बंद आहे का हे ती तीनदा बघायची. राजनंदिनी झोपली, की श्वास चालतोय ना म्हणून नाकाशी बोट धरायची, आणि मग त्या बोटानं मूल जागं झालं म्हणून स्वतःवर चिडायची. फ्रिजची घरघर बदलली, पंख्याची टकटक वाढली, लिफ्ट नसलेल्या इमारतीत लिफ्टसारखं काही वाजलं, तरी सगळं तिच्या कानावर आधी पडायचं. नवरा श्रीरंग वाळूजला कंपनीत. तो म्हणायचा, "तू फार ऐकतेस." हे वाक्य तो डॉक्टरनं निदान सांगावं तसं सांगायचा.

तर या फार ऐकणाऱ्या बाईनं लग्नाआधी गाण्यात विशारद केलं होतं आणि मूल झाल्यावर गाणं माळ्यावर टाकलं होतं. मग एका दुपारी, राजनंदिनी कशानं म्हणजे कशानंच झोपत नसताना, मोबाइलवर आपोआप कुठलंतरी फारसी तंतुवाद्य सुरू झालं. मूल चार मिनिटांत झोपलं. आई मात्र जी जागी झाली ती झालीच. त्या वाजवण्यात एक गंधार होता, धड कोमल नव्हे, धड शुद्ध नव्हे. शेजारच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचे शंभर भाग केले, तर हा पठ्ठ्या बरोबर पन्नासाव्या भागावर मांडी घालून बसलेला. इराणात अशा उतरवलेल्या सुराला करोन म्हणतात. समोरच्या फ्लॅटमधल्या सरूबाईंना तिनं हे नाव सांगितलं, तेव्हा त्या दोन पावलं मागं सरकल्या आणि पदर नाकाला लावला.

हिमानीनं शिराझच्या एका बाईंचा ऑनलाइन वर्ग लावला. भाद्रपदात बाईंनी सगळ्या विद्यार्थ्यांना काम दिलं. सेगाह नावाच्या स्वरमांडणीत तीन मिनिटांची स्वतःची रचना करायची, घरच्याच संगणकावर रेकॉर्ड करायची आणि अमुक शुक्रवारी दुपारी बाराच्या आत पाठवायची. निवडक रचनांचा संग्रह निघणार होता. हिमानीनं मनाशी ठरवून टाकलं, पाठवली तर गाणं आपलं. नाही जमलं, तर मायक्रोफोन खोक्यात, खोकं माळ्यावर आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. श्रीरंगला तिनं हे हसत हसत सांगितलं. पण तो गेल्यावर स्वयंपाकघरात उगाचच एकदा गॅस बघून आली.

पहिली अडचण जागेची. सिडकोतल्या त्या तीन मजली इमारतीत शांतता ही वस्तू मिळत नसे. दुपारी मूल झोपलं, की हिमानीनं मायक्रोफोन लावावा, आणि त्याच क्षणी खाली भंगारवाल्याचा भोंगा, वर कुकरच्या शिट्ट्या, समोर सरूबाईंचा मिक्सर. बाईंनी शिराझहून तोडगा सांगितला, की कपड्यांच्या कपाटात बसून गा, कपडे आवाज पितात. हिमानी कपाटात बसली. डावीकडं लग्नातला शालू, उजवीकडं श्रीरंगचा जोधपुरी कोट, हँगरला मायक्रोफोन, नाकात डांबरगोळ्यांचा वास. आवाज खरोखरच सुंदर येत होता.

तिसऱ्या दिवशी सरूबाई चटणीची वाटी परत द्यायला आल्या. दार नुसतं लोटलेलं. आत मूल झोपलेलं, आईचा पत्ता नाही, आणि कपाट कण्हतंय. सरूबाई मूळच्या बिडकीनकडच्या शेतकरी घरातल्या. बिबट्याला भ्यायच्या नाहीत, तर कपाटाला काय भिणार? त्यांनी दोन्ही दारं खाडकन उघडली.

"अगं बया! कपाटात काय करतीस?"

"सूर लावतेय, मावशी."

"सूर लावायला कपाटात? श्रीरंगसंगं भांडण झालं का?"

"नाही हो, मावशी. आवाज घुमतो बाहेर."

"आवाज घुमतो म्हणून कुणी कपाटात जाऊन बसतं व्हय? ये बाहीर. आधी पाणी पी."

संध्याकाळपर्यंत बातमी नऊच्या नऊ घरांत पोचली, की तिसऱ्या मजल्यावरची सून कपाटात बसून कण्हते. मग सल्ले सुरू झाले. एकीनं शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीला जाऊन यायला सांगितलं. एकीनं रक्त तपासायला. तळमजल्यावरच्या एका काकूंनी तर सगळ्यांत व्यवहारी उपाय दिला, "दुसरं होऊ दे. कपाटात बसायला फुरसतच मिळायची नाही."

दुसरी अडचण खुद्द सॉफ्टवेअरची. हिमानी चार दिवस जीव तोडून तो मधला सूर गात होती आणि ऐकताना दर वेळी शुद्ध गंधारच ऐकू येत होता. चार दिवस तिला वाटलं, गळा गेला. चार दिवस ती आलं, ज्येष्ठमध आणि आत्मनिंदा यांवर जगली. श्रीरंगचा सल्ला एकच, "बंद करून चालू कर." पाचव्या दिवशी एका कोपऱ्यात बारीक चौकोन सापडला, 'सूर आपोआप सुधारा'. त्यात बरोबरची खूण. म्हणजे ही गायची ते सॉफ्टवेअर मुकाट्यानं ऐकून घ्यायचं आणि जवळच्या पट्टीवर नेऊन ठेवायचं, न सांगता, न विचारता, तिच्या भल्यासाठी. हिमानीला ते सॉफ्टवेअर फार ओळखीचं वाटलं. इमारतीत त्याचे बरेच नातेवाईक राहत होते.

त्यांतले थोरले म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष नानासाहेब. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी त्यांचा हात फायलीवाचून राहत नसे. त्यांनी हिमानीला पहिल्या मजल्यावर बोलावून नमुना क्रमांक चार दिला. हा नमुना मूळचा गच्चीवर मुंजी-बारशांसाठी केलेला. मंडपाचा आकार: हिमानीनं लिहिलं, कपाट, चार फूट बाय दोन. उपस्थितांची अंदाजे संख्या: एक. राग व गाण्याची वेळ, हा रकाना नानासाहेबांनी खास पेनानं वाढवलेला: सेगाह, वेळ दुपारी दीड ते तीन.

"हा राग दुपारचा आहे का?" नानासाहेबांनी विचारलं.

"फारसी आहे हा. त्याला आपल्यासारखी वेळ नसते."

"वेळ नसते? मग रकान्यात हे काय भरलंय?"

"मूल झोपतं ती वेळ भरलीय."

नानासाहेबांनी पेन खाली ठेवलं. "सूनबाई, मुळात परदेशी कशाला जायचं? आपल्याकडं बावीस श्रुती आहेत. हे सगळं आपल्याकडं आधीच होतं. जे गायचं ते गा, पण दरवाजा बंद करून."

हिमानी "हो" म्हणून निघाली. योग्य उत्तर तिला दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सुचलं. बावन्न दरवाजांचं हे गाव, आपण दरवाजा म्हणतो, जमीन म्हणतो, आवाज म्हणतो, सगळं फारसीतूनच तर आलं. शब्द आले, घर करून राहिले, त्यांच्यासोबतचा एकटा सूर तेवढा वाटेत राहिला, तो आणायला गेले तर अर्ज भरायचा? फार सुंदर उत्तर होतं. पण खाली जाऊन ते देण्याचा धीर झाला नाही. अपमान झालेल्या माणसाची चांगली वाक्यं जिन्यातच वाया जातात.

आता तिसरी अडचण, आणि खरी. गाण्यामागं धरायला एक अखंड सूर हवा होता. मोबाइलमधल्या तंबोऱ्यात बाराच सूर. पेटीत बाराच. करोन कुणाकडंच नाही. हिमानीनं पातेली वाजवून पाहिली, पाण्याचे पेले वाजवून पाहिले, राजनंदिनीचा खुळखुळासुद्धा. रचना अर्धी झाली होती, शुक्रवार नऊ दिवसांवर आला होता, आणि तेवढ्यात पाण्याचा दिवस उजाडला.

पाण्याचा दिवस म्हणजे काय हे या शहरात कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते: नळाला दर आठव्या दिवशी पाणी. ते जमिनीखालच्या हौदात पडतं आणि मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. त्या दिवशी लग्नाची तारीख धरत नाहीत. हिमानीच्या इमारतीत, म्हणजे त्रिवेणी अपार्टमेंटमध्ये, मोटरीचं खातं सखाराम मास्तरांकडं होतं. बायको गेलेली, मुलगा नोकरीला दूर. ते तळमजल्यावर जिन्यालगतच्या खोलीत एकटे राहत आणि मोटरीची खोली त्यांच्या भिंतीला भिंत लावून. पाणी संपताच मोटर बंद करणारं यंत्र बसवावं असा ठराव तीन वर्षांपूर्वी झाला होता, पण नानासाहेबांना तीन दरपत्रकं हवी होती आणि आली होती दोनच.

त्या बुधवारी सकाळी हिमानी कपडे वाळत घालत होती. खाली मोटर सुरू झाली. तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. तिनं हळूच आपला षड्ज गुणगुणून पाहिला. मग राजनंदिनीला उचललं आणि अनवाणी तीन मजले उतरली.

"मास्तर! मोटर करोन लावतेय!"

स्टुलावर बसलेल्या मास्तरांनी आधी राजनंदिनीला गोळी दिली. "मोटर हाय ती, ताई. ती काय लावणार? हौदात पाणी हाय तवर ह्या आवाजात बोलती. पाणी संपलं, की अंगावरचं ओझं जातं आन् चढती. चढली की मी बटन दाबतो. चौदा वर्षं झाली, घड्याळ लावलं नाय."

"किती चढते?"

"अर्धी पट्टी."

हिमानी त्यांच्याकडं बघतच राहिली. "म्हणजे मधली जागा तुम्हाला चांगली माहीत आहे."

"म्हाईत हाय म्हणूनच सांगतो ना, शिरू नका." मास्तर हसले. आणि लगेच म्हणाले, "ते माईक का काय, ते उशीवर ठेवा. फरशीवर ठेवलं तर धडधड येईल."

वीस मिनिटं मोटर रेकॉर्ड झाली. काय तो सूर! हिमानीनं तो कापला, जोडला, घासला, पुसला, आणि त्याच्यावर गायला बसली. ऐकायला हेडफोन होता, पण तो राजनंदिनीनं आदल्याच दिवशी वरणात बुडवला होता. म्हणून हिमानीनं स्पीकर लावले.

गुरुवारी दुपारी दोन वाजता त्रिवेणी अपार्टमेंटमध्ये मोटरीचा आवाज सुरू झाला.

पाणी येऊन एकच दिवस झाला होता. तरी मोटर वाजतेय म्हणजे कुठंतरी देव जागा झालाय! पहिल्यांदा सरूबाई उठल्या. मग धडाधड दारं उघडली. पिंपं, बादल्या, कळश्या, आंघोळीचे टब, एका घरातला पोळ्यांचा डबासुद्धा नळाखाली लागला. नानासाहेब अर्धी दाढी करून गॅलरीत आले. नऊ घरांचे झाडून सगळे नळ सुटले आणि आदल्या दिवशी भरलेली गच्चीवरची टाकी, जी आठ दिवस पुरवायची होती, ती त्या पाऊण तासात निम्मी खाली झाली. कारण भांडी आधीच भरलेली होती. शिळं पाणी ओतून लोकांनी ताजं भरलं. तेही त्याच टाकीतलं.

हिमानी कपाटात डोळे मिटून गात होती. दारं उघडली तेव्हा समोर सहा बायका आणि अर्ध्या दाढीचे नानासाहेब.

पुढचे पाच दिवस तिनं आवाज अगदी बारीक ठेवला. पण कान आठवड्याला एकदा वाजणाऱ्या आवाजावर तयार झालेले असले, की बारीक काय नि मोठा काय. दर दुपारी कुणीतरी नळाशी धावायचं आणि शिव्या घालत परतायचं. शेवटी सरूबाईंनी जिन्यात जाहीर केलं, "आता खरी मोटर वाजली तरी मी उठायची नाय. ही बयाच असंल." मंगळवारी नानासाहेबांची लेखी नोटीस आली. 'मोटर ही सोसायटीची सामाईक मालमत्ता असून तिचा आवाजही त्यात मोडतो. सबब सदर आवाज खाजगी कामासाठी वापरू नये.' बुधवारी श्रीरंगनं नवा हेडफोन आणला आणि बायकोच्या कानांवर स्वतःच्या हातानं चढवला. त्यात प्रेम किती आणि शांततेची गरज किती, हे हिमानीनं विचारलं नाही.

गुरुवार उजाडला. पाण्याचा दिवस, आणि पाठवायला उरलेला एकच दिवस. पाणी नऊला यायचं ते दहाला आलं. राजनंदिनी सरूबाईंचं बोट धरून खाली जाऊन मास्तरांकडून गोळी घेऊन आली, पाटीवर रेघोट्या ओढत बसली. हिमानीनं कपाटात बसून शेवटची दीड मिनिटं गायली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा असं काही लागलं, की तिचं तिलाच हसू आलं. सूर त्या पन्नासाव्या भागावर जाऊन बसला होता, आपल्याच घरी आल्यासारखा. ती हेडफोन लावून तेच पुनःपुन्हा ऐकू लागली. दुपारचे साडेबारा झाले होते.

दारावर थापा पडल्या. उघडलं तर सरूबाई, कमरेवर हात.

"बंद कर की गं ते! माणसानं जेवायचं का नाय? किती येळ झाला, कूंऽऽ लावलंय."

"मावशी, माझं तर यात आहे." तिनं गळ्यात उतरवलेला हेडफोन दाखवला.

"मग हे काय वाजतंय?"

खालून आवाज येत होता. मोटर. हिमानीनं आत धावत जाऊन बघितलं, लॅपटॉपवर सगळं थांबलेलं होतं.

"तुझीच हाय," सरूबाई दारातून म्हणाल्या. "मशीन बंद केली तरी चालू राहती. आमचा टीव्ही असाच हाय."

पण हिमानी ऐकत होती. हा तिचा सूर नव्हता. नऊ दिवस जो सूर तिनं उशाशी घेतला होता, त्याच्यापेक्षा हा वर होता. फार नाही. अर्धी पट्टी. सरळ शुद्ध गंधार.

मोटर चढली होती. आणि मास्तरांनी बटन दाबलं नव्हतं.

हिमानीच्या मनात पहिलं काय आलं असेल, तर श्रीरंगचं वाक्य. तू फार ऐकतेस. गॅस तीनदा बघितला, तिन्हीदा बंद निघाला. आयुष्यभर तिला वाटलेलं काही म्हणजे काही खरं ठरलं नव्हतं. आता खाली धावावं आणि मास्तर चहा पीत बसलेले असले, तर जिन्यात अजून एक गोष्ट होणार. ती उंबऱ्यात क्षणभर थबकली. मग म्हणाली, "मावशी, साखर घ्या!" आणि राजनंदिनीला कडेवर मारून निघाली.

"साखर? किती वाटी?" सरूबाई मागून ओरडल्या, पण डबा घेऊन आल्याच.

मोटरीच्या खोलीत जळक्याचा वास येत होता. स्टूल आडवं झालं होतं आणि मास्तर भिंतीला टेकून घामानं निथळत बसले होते. डोळे उघडे, पण बघत नव्हते. हिमानीनं भिंतीवरच्या बोर्डाकडं पाहिलं. बटनं आठ, एकावरही नाव नाही. तिनं आठही खाली पाडली.

सगळ्या इमारतीत एकदम गप्प झालं. पंखे, टीव्ही, मिक्सर, मोटर. त्या शांततेत सरूबाईंनी पेल्यात साखर ढवळल्याचा आवाज फार मोठा वाटला.

"मास्तर, इकडं बघा. गिळता येतंय ना? थोडं थोडं घ्या."

मास्तरांनी एक घोट घेतला, मग दुसरा. त्यांचा साखरेचा आजार जुना, सगळ्या इमारतीला ठाऊक. सकाळी औषधाची गोळी घेतलेली, पाणी उशिरा आलं म्हणून जेवायचं राहून गेलेलं. असं कधी झालं, की तोंडात टाकायला म्हणून तर ते खिशात लिमलेटच्या गोळ्या ठेवत. हिमानीनं त्यांचा खिसा चाचपला. रिकामा. तिनं कडेवरच्या लेकीकडं पाहिलं. राजनंदिनीची जीभ अजून नारिंगी होती.

दहा मिनिटांनी मास्तर नीट बघू लागले. भोवती सगळी इमारत गोळा झाली होती. नानासाहेब टॉर्च धरून उभे होते, भर दुपारी.

"मोटर चढली व्हती का?" मास्तरांनी विचारलं.

"हो. शुद्ध गंधारावर गेली होती."

"मग लगेच बंद का नाय केली?" मास्तर रागावले. "कॉइल जळली असती ना!"

ते रागावले तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. श्रीरंगला फोन झाला, डॉक्टर येऊन गेले, वेळेवर साखर दिली म्हणाले, दोन दिवस उठू नका म्हणाले. नानासाहेबांनी एक एक बटन वर केलं. पंखे फिरले. आणि तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर हिमानीच्या लक्षात आलं, की लॅपटॉपची बॅटरी तर मागच्या वर्षीच मेली. तो फक्त वायरवर जगत होता. आणि आठही बटनं तिनं स्वतःच्या हातानं पाडली होती. जगातली प्रत्येक गोष्ट तीनदा तपासणाऱ्या या बाईनं सकाळपासून 'सेव्ह' एकदाही दाबलं नव्हतं.

मंगळवारपर्यंतचं गाणं होतं. पण मोटरीची फाइल उघडी असतानाच वीज गेली आणि ती बिघडली. मोटरीचा सूर आणि आजची दीड मिनिटं, दोन्ही गेली.

ती रडली नाही. खोकं शोधून आणलं आणि मायक्रोफोन त्यात ठेवला. मग मास्तरांना भात द्यायचा म्हणून खाली गेली.

"पाठवलं का गाणं?" मास्तरांनी पडल्या पडल्या विचारलं.

"गेलं ते, मास्तर. वीज मीच बंद केली ना. तुमची मोटर पण गेली त्यात. आता पुढचं पाणी आठ दिवसांनी."

मास्तरांनी मान कोपऱ्याकडं वळवली. मग म्हणाले, "त्या कोपऱ्यातली पेटी घ्या. माझी हाय, गिऱ्हाइकाची नाय. आन् खिडकीतली कानस द्या."

"डॉक्टरांनी उठायचं नाही सांगितलंय."

"उठतंय कोण? पेटी उठून माझ्याकडं येती ना."

त्यांनी अंथरुणातच पेटी उघडली. गंधाराची पितळी पत्ती बाहेर काढली, चिमटीत धरली. "टोकाला घासलं, की सूर चढतो. बुडाला घासलं, की उतरतो. आयुष्यभर बुडाला घासायचं झालं, की धा येळा थांबायचो, जास्ती उतरला तर? आज मुद्दाम उतरवायचाय." ते घासत, फुंकत, बसवत, आणि हिमानीकडं बघत. ती मान हलवून म्हणे, अजून. अजून थोडा. अजून केसभर. पेटी सुरात लावताना बाजूला कुणी ऐकणारं माणूस असणं ही चैन मास्तरांनी पन्नास वर्षांत पहिल्यांदा केली. अंधार पडायच्या आत तो सूर बसला. सरूबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मोटरच की गं ही!" कोणत्याही जाणकाराची दाद हिमानीला इतकी गोड लागली नसती.

शुक्रवारी सकाळी मायक्रोफोन खोक्यातून निघाला. कपाटाची गरज पडली नाही. मास्तरांच्या खोलीत गोधड्या टांगल्या, सरूबाईंनी मिक्सर बंद ठेवला आणि भंगारवाल्याला कोपऱ्यावरच अडवलं. नानासाहेब जिन्यात उभे राहून, स्वतः मोठ्यांदा ओरडून, सगळ्यांना गप्प बसवत होते. त्यांचा तो ओरडा दोन वेळा रेकॉर्डिंगमध्ये आला. मास्तर उशीला टेकून एका हातानं भाता मारत होते. राजनंदिनी त्यांच्या पायाशी झोपून गेली. हिमानी गायली. कालच्याइतकं लागलं का? खरं सांगायचं तर नाही. पण कालच्या गाण्यात कपाट होतं, आजच्यात माणसं होती. तिनं चार वेळा 'सेव्ह' दाबलं आणि बाराला सात मिनिटं असताना पाठवून दिलं.

बाईंचं उत्तर दोन दिवसांनी आलं. निवड काय ती पुढच्या महिन्यात कळेल. पण त्यांनी लिहिलं होतं, की हा सेगाह आमच्याकडं कुणी असा गाणार नाही, तरी सूर खरा आहे, हे कुठलं वाद्य, आणि मधेच ओरडणारे गृहस्थ कोण? हिमानीनं ते पत्र सोसायटीच्या फलकावर लावलं. नानासाहेबांनी ते फाइलला लावून घेतलं.

पुढच्या सभेत एक ठराव झाला. 'पाण्याच्या दिवशी मोटरीच्या आवाजावर लक्ष ठेवण्याचे काम सौ. हिमानी यांच्याकडे सोपवण्यात येत आहे.' फार ऐकणं हा तिचा आता हुद्दा झाला. श्रीरंगनं त्याखाली सही केली आणि पेन तिच्या हातात दिलं. तिसरं दरपत्रक अजून आलेलं नाही. मास्तरांची पेटी मात्र कायमची बिघडली, कुणी विकत घेणार नाही. दुरुस्त करून देऊ का विचारलं, तर ते म्हणतात, "राहू द्या. मधी एक खोली काढलीय, कुणी ना कुणी राहायला येईल."

आता ही गोष्ट सांगायचं कारण. दिवाळीला हिमानी पैठणला माहेरी चालली आहे, अकरा दिवस. त्यात एक पाण्याचा दिवस पडतो. तिनं सरूबाईंना दोन्ही सूर शिकवायचा प्रयत्न केला, पण सरूबाईंना दोन्ही मोटरच वाटतात. तिनं गॅस तीनदा बघितलाय, कुलूप दोनदा ओढून पाहिलंय, आणि तरी तिचा पाय निघत नाही. म्हणून ती तुम्हाला सांगतेय. त्या दिवशी तुम्ही सिडकोच्या त्या बाजूला असलात, तर त्रिवेणी अपार्टमेंटच्या फाटकाशी दोन मिनिटं थांबा. मोटर एका आवाजात बोलत असेल तर चाला पुढं. आवाज जरासा, अगदी अर्धी पट्टी, वर गेलेला वाटला, किंवा वाटला की नाही हेच कळलं नाही, तर सरळ आत जा, जिन्यालगतच्या दाराची कडी वाजवा आणि मास्तरांना हाक मारा. ते म्हणतील, कशाला आलात, मला काय झालंय. म्हणू द्या. जेवलात का विचारा. आणि त्यांनी खिशातून लिमलेटची गोळी काढून तुमच्या हातावर ठेवली, तर ती घेऊ नका. त्यांच्याच खिशात परत ठेवून या.